लाइम सोडा चालेल, राउंड चुकवू नका

गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. मूळचा नाशिकचा, ओळखीच्यांचा भाचा, ऑक्सफर्डला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. "काकू, ऑफिसातली मंडळी गुरुवारी संध्याकाळी नदीकाठाने चालायला जाणार आहेत. शेवटी पबमध्ये जायचंय म्हणे. मी तर पीत नाही. काय कारण सांगू?"

म्हटलं, कारण कसलं सांगतोस? बूट घाल आणि जा.

मग अर्धा तास फोनवर जे बोलले ते इथे लिहून काढते आहे, कारण बारा महिने कुणी ना कुणी नवीन येतं आणि फिरून हाच प्रश्न विचारतं. बँकेचं खातं कसं उघडायचं, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं, तूरडाळ कुठे मिळते, हे सांगायला शंभर जण आहेत. पबच्या टेबलावर कसं वागायचं हे मात्र सगळ्यांना आपोआप येतं असं धरलं जातं. मला तरी आलं नव्हतं.

मी २००६ साली वाईहून इथे आले, एका प्रयोगशाळेत नोकरीला. आपल्याकडे बार म्हटलं की काळ्या काचा, दारावर परमिट रूमची पाटी, आत मिणमिणता लाल दिवा आणि घरी न सांगता गेलेले कुणाचे तरी काका. तेच चित्र डोक्यात घेऊन मी आले होते. बाईमाणसाने तिथे जायचं कशाला, म्हणून पहिलं दीड वर्ष दर वेळी "डोकं दुखतंय" सांगून टाळलं. नंतर कळलं की प्रयोगशाळेतल्या लोकांना माझ्या डोक्याची खरोखर काळजी वाटायला लागली होती. अखेर गेले तेव्हा पबच्या अंगणात एका टेबलाशी आजी-आजोबा मासा आणि वाटाणे खात होते, शेजारी बाबागाडीत तान्हं मूल झोपलं होतं आणि बाकाखाली दोन ओले कुत्रे पसरले होते. खेड्यातला पब म्हणजे गावचा पार समजा. पारावर बिअर मिळते एवढंच.

जा असं का म्हणते? इथली माणसं घरी लवकर बोलवत नाहीत. दोन-दोन वर्षं शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई कुठे राहते हेही तुम्हाला ठाऊक नसतं. त्यांना समोर बसवून बोलतं करणं महाकठीण, पण शेजारी चालताना, नजर वाटेवर असताना, जीभ सैल होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी आपल्या वडिलांच्या विस्मरणाच्या आजाराबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते नदीवरच्या लॉकपाशी (ते काय असतं ते पुढे सांगते), एक नाव खाली जाण्याची वाट बघत उभं असताना. माझ्या पुढच्या नोकरीची जागा निघणार असल्याची कुणकुणही मला याच वाटेवर लागली. जाहिरात महिन्याने आली.

ही वाट ऑक्सफर्डात राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी चालावी. शहराच्या जेरिको भागातल्या वॉल्टन वेल रोडच्या टोकाला कालवा आणि रेल्वे ओलांडणारा पूल आहे. तो उतरलात की फाटक, आणि फाटकापलीकडे एकदम आभाळ. हे पोर्ट मेडो. तीनशे एकरांहून मोठं गायरान, शहराला खेटून, आणि त्यावर एकही इमारत नाही. १०८६ सालच्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीतसुद्धा, ऑक्सफर्डच्या नागरिकांचं सामायिक कुरण म्हणून त्याचा उल्लेख आहे. हजारो वर्षांत इथे नांगर लागलेला नाही असं सांगतात. आजही ज्यांना हक्क आहे त्यांची गुरं आणि घोडी इथे मोकळी चरतात. वर्षातून एकदा शहराचे शेरीफ आगाऊ न सांगता सगळी जनावरं एकत्र हाकून आणतात आणि हक्क नसलेल्यांची जनावरं दंड भरल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणजे आपला कोंडवाडाच की. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला या देशाबद्दल उगाचच आपुलकी वाटली होती.

मेडो तिरकं ओलांडून नदीकडे जा. नदी म्हणजे थेम्स, लंडनची तीच, पण ऑक्सफर्डात तिला आयसिस असंही म्हणतात. मेडलीपाशी कमानीचा छोटा लोखंडी पूल लागतो. त्यावरून पलीकडच्या काठाला गेलात की पायवाट उत्तरेकडे निघते. या वाटेला टोपाथ म्हणतात, कारण पूर्वी याच काठाने घोडे दोराने नावा ओढत नेत. डावीकडे बिन्सी गाव, तिथे गवती छपराचा 'पर्च' नावाचा पब. ते छप्पर मी आल्यानंतरच्या वर्षी, २००७ साली जळालं, पुन्हा शाकारलं. पायात त्राण नसलेल्यांनी इथेच थांबावं, लाज नाही. बिन्सीच्या चर्चमागे एक पवित्र विहीर आहे. तिला ट्रीकलची विहीर म्हणतात. ट्रीकल म्हणजे आता काकवी, पण जुन्या भाषेत त्याचा अर्थ औषध. काकवीची विहीर म्हणून मी माझ्या मुलाला तिथवर चालवत नेलं होतं. त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

वाटेवर पुढे गोडस्टोचं लॉक लागतं. १७९० साली बांधलेलं. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, नदीतला पायऱ्यांचा जिना समजा. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या मध्ये एक हौद. नाव हौदात घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, मग दुसरं दार उघडायचं. एखादी नाव येत असेल तर थांबून बघाच. दार ढकलायला हात लागत असेल तर लावा, पण आधी विचारा. पलीकडे मठाचे भग्न अवशेष, चार भिंती आणि एका छोट्या चर्चचा सांगाडा. ११३३ साली स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ, १५३९ साली आठव्या हेन्रीच्या काळात बंद पडला. दुसऱ्या हेन्री राजाची लाडकी रोझामंड इथेच पुरलेली होती. तिथून पूल ओलांडला की 'ट्राउट'. दोन्ही पबांची नावं माशांची. जेरिकोपासून इथवर दोन मैल, रमतगमत तासभर.

जूनच्या अखेरीस इथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. म्हणून साडेसहाला निघालात तरी पबमध्ये पोचून जेवण होईपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात हाच सूर्य चारच्या आत गुडूप होतो, आणि पोर्ट मेडोचा अर्धा भाग पाण्याखाली जाऊन तळं होतं. तेव्हा ही फेरी एप्रिल ते सप्टेंबर एवढ्याच काळातली. या महिन्यांतही दुपारच्या उन्हाला भुलू नका. सूर्य कलला की नदीवरून गारवा येतो, पातळ जाकीट हवंच. पायात जुने बूट. नवे पांढरे स्नीकर घालून आलेल्या मुलाला मी परत जाताना अनवाणी चालताना पाहिलंय. वाटेच्या कडेला दातेरी पानांची, कमरेएवढी झुडपं दिसतील, ती नेटल. खाजकुयलीची सख्खी बहीण. पाय उघडे ठेवू नका. लागलीच तर शेजारीच रुंद पानांचं डॉक उगवलेलं असतं, त्याचं पान चोळायचं असा इथला आजीबाईचा बटवा. गुण किती येतो ते देव जाणे, पण शेजारचा इंग्रज मोठ्या आस्थेने पान शोधून देतो आणि तेवढ्याने मैत्री होते.

फाटक जसं असेल तसं ठेवायचं. बंद असलेलं उघडलंत तर आपल्यामागे बंद करा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. समोरून येणारा अनोळखी माणूस "ईव्हनिंग" म्हणाला तर "ईव्हनिंग" म्हणा आणि चालत राहा. तो थांबून गप्पा मारणार नाही, तुम्हीही थांबू नका. "यू ऑल राइट?" विचारलं तरी तब्येतीचा अहवाल अपेक्षित नाही.

आता पब. दारातून आत गेल्यावर टेबल धरून बसून राहिलात तर दिवाळीपर्यंत कुणी येणार नाही. बहुतेक पबांत बारपाशी जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा नंबर आधी बघून ठेवा, तो विचारतात. बारपाशी रांग दिसत नाही, पण असते. आपल्याआधी कोण आलं ते प्रत्येकाच्या डोक्यात असतं आणि पलीकडच्या मुलीच्याही. तिने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर "यांचा नंबर आहे" म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवा. त्या एका वाक्याने तुमची जी पत वाढते ती वर्षभराच्या गोड बोलण्याने वाढत नाही. नोट हलवायची नाही, चुटकी वाजवायची नाही, आणि "शुक शुक" तर स्वप्नातसुद्धा नाही. वय पंचविशीच्या आत दिसत असेल तर ओळखपत्र मागतात. कायद्याने अठरा पुरे, पण जवळ काहीतरी असू द्या.

मग राउंड. इथे नीट लक्ष द्या, कारण माझी फजिती इथेच झाली.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. एकाने सगळ्यांना काय हवं ते विचारलं आणि आणून दिलं. मी संत्र्याचा रस घेतला होता. फुकटचं कुणाचं खायचं नाही ही घरची शिकवण, म्हणून मी पर्समधून मोजून सुटे पैसे काढले आणि त्याच्यापुढे रचून ठेवले. दोन पौंड, वीस पेन्स, वर पाच पेन्सचं नाणं. टेबल गप्प झालं. तो म्हणाला, "नो नो, यू आर ऑल राइट," आणि ती नाणी एका बोटाने परत माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, वा, काय दिलदार माणूस! मग दुसऱ्याने आणलं, मग तिसरीने. साडेनऊला मी सगळ्यांचे आभार मानले आणि बस पकडून घरी आले. तीन ग्लास रस पिऊन, एक दमडी खर्च न करता. परत कुणी काही बोललं नाही. इथे कुणी काही बोलत नाही, तीच तर अडचण आहे. बऱ्याच दिवसांनी आमच्यातल्या एका वयस्कर तंत्रज्ञ बाईंनी चहा ओतता ओतता मला हळूच समजावलं.

आपल्याकडे शेतकऱ्यांत पैरा असतो, कोकणात सावड म्हणतात. आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पैऱ्याला आलेल्या माणसाच्या हातात संध्याकाळी मजुरी ठेवली तर तो दुखावतो, आणि आपली पाळी आल्यावर न फिरकणाऱ्याला गाव विसरत नाही. राउंड म्हणजे हाच पैरा. दुसऱ्याच्या राउंडीला पैसे काढायचे नाहीत. आपली राउंड आल्यावर, म्हणजे टेबलावरचे ग्लास तळाला गेले की, स्वतःहून उठायचं आणि "काय घेणार?" विचारायचं. कुणी आठवण करून देणार नाही. तुम्ही पीत नसलात तरी राउंडीत असता. तुमचा लाइम सोडा स्वस्त आणि त्यांचा पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, सहा पौंडांच्या आसपास, तरी हा हिशोब मनात आणायचा नाही. खरंच परवडत नसेल, किंवा लवकर निघायचं असेल, तर दोन सरळ मार्ग आहेत. एक, पहिली राउंड आपणच घ्यायची आणि मग मोकळ्या मनाने उठायचं. दोन, सुरुवातीलाच "मी माझं माझं घेते, एकच घेऊन निघणार आहे" असं सांगायचं. आधी सांगितलेलं कुणालाही खटकत नाही. दहा जणांचा घोळका असेल तर तो आपसूक तीन-तीन, चार-चारांत फुटतो. आपण कोणत्या तुकडीत आहोत ते ओळखा.

न पिणाऱ्यांनी सबब सांगू नये. देवाची, औषधाची, उपासाची, कसलीच नाही. "मला लाइम सोडा" एवढं पुरतं. पुढे कुणी का विचारत नाही, आणि विचारलंच तर तो विचारणाराच असभ्य ठरतो. पण एक सावधगिरी. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नाही. अमेरिकेत असेल, इथे ती चांगली पाच टक्क्यांच्या आसपासची दारू असते, गोड आणि बेमालूम. मी एकदा भर उन्हात तहानेने अख्खा पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, सरबतासारखा प्यायले आणि उठायला गेले तर बाक माझ्याबरोबर उठलं. पिणाऱ्यांसाठी एवढंच की अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही, अगदी पुरुषांनीही. हाताने ओढायच्या दांड्याची बिअर बर्फासारखी थंड नसते, तळघराच्या गारव्याची, बारा अंशांच्या आसपासची असते. ती बिघडलेली नाही, परत करू नका. आणि गाडी चालवायची असेल तर थेंबही नको. कायदा थोडी मुभा देतो, पण तुमच्या अंगात ती मुभा किती घोटांत संपते ते तुम्हाला कळणार नाही. गुन्हा नोंदला गेला तर तो व्हिसाच्या प्रत्येक अर्जात मागे लागतो.

स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी नऊच्या सुमारास बंद होतं, म्हणून पोचल्या पोचल्या जेवण सांगा. शाकाहारींना हल्ली उपाशी राहावं लागत नाही. मात्र चिप्स, म्हणजे आपले फिंगर चिप्स, मासे तळलेल्याच तेलात तळतात का ते विचारून घ्या. काही ठिकाणी तर गाईच्या चरबीत तळतात. आमच्या एक शेजारीणबाई चतुर्थीला "बटाटाच तो" म्हणून निर्धास्त चिप्स खायच्या. मी सांगितलं त्या दिवसापासून माझ्याशी जरा तुटक वागतात. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, त्यात अंडं असतं. बारमागे पाकिटात टांगलेले सोनेरी, फुगलेले तुकडे कुरडईच्या चुऱ्यासारखे दिसतात. ती डुकराची तळलेली कातडी. खाणाऱ्यांनी जरूर खावी, चविष्ट असते म्हणतात.

बोलायचं काय? हवा, कुत्रा, टोमॅटोची रोपं, क्रिकेट. पगार, घराची किंमत, "अजून मूल नाही?" हे तिन्ही विषय वाईलाच ठेवून या. "नॉट बॅड" म्हणजे फार छान, आणि "क्वाइट गुड" म्हणजे बेताचंच. मध्येच सगळे गप्प झाले तर घाबरून काहीतरी बोलायला जाऊ नका. ती शांतता चांगली असते.

माझी आई आली होती तेव्हा तिलाही मी ट्राउटला नेलं. साडी, वर स्वेटर, पायात माझे जुने बूट. बंधाऱ्याकाठच्या दगडी कट्ट्यावर बसून तिने चहा मागवला, आणि मिळालाही, किटलीसकट. बराच वेळ ती कोसळणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढं पाणी, आणि एकाचेही पाय पाण्यात नाहीत?" वाईच्या गणपती घाटावर तिचं अर्धं आयुष्य पाय पाण्यात सोडून गेलेलं. तिला काय सांगायचं? इथून जवळचाच वॉल्व्हरकोटचा ओढा २०२२ साली अधिकृत पोहण्याची जागा म्हणून जाहीर झाला, आणि पाण्याच्या तपासणीत त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही "पूअर" असाच शेरा मिळाला. सांडपाणी इथेही नदीतच येतं. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कृष्णेसारखंच," आणि चहा संपवला.

घंटा वाजली आणि "लास्ट ऑर्डर्स" अशी हाक आली की शेवटचं मागून घ्यायचं. निघताना रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवा, त्यासाठी कुणी पगार देत नाही, पण बघतात.

परतीला दोन पर्याय. वॉल्व्हरकोट गावातून बस मिळते, शेवटची कधी ते आधी पाहून ठेवा. त्या रस्त्यावरच्या पुलावर एक जुना फलक आहे, १९१२ साली इथे विमान कोसळून मेलेल्या दोन वैमानिकांचा. किंवा घोळका असेल तर मेडोवरून चालत. एकट्याने, विशेषतः बायकांनी, अंधारात नको. दोघी-तिघी असाल तर खुशाल. टॉर्च पायापाशी धरा, लांब मारू नका, कारण वाटेत काळी गाय बसलेली असते आणि अंधारात ती दिसत नाही. आधी तिचा श्वास ऐकू येतो, चामड्याच्या भात्यासारखा. तो आला की थांबायचं, हलक्या आवाजात काहीतरी बोलायचं, म्हणजे ती दचकणार नाही, आणि वळसा घालून जायचं.

नाशिकचा मुलगा गेला होता. शुक्रवारी सकाळी त्याचा निरोप आला: "काकू, राउंड घेतली, अठ्ठावीस पौंड गेले. गायीशी मराठीत बोललो. उठली नाही."